शालेय बँडच्या ड्रम मेजरांसाठी मे महिन्यात शिबिर हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्वातंत्र्यदिन, गोवा मुक्तिदिन आणि प्रजासत्ताकदिन या तिन्ही दिवशी गोव्यात ठिकठिकाणी होणाऱ्या ध्वजवंदनाच्या कार्यक्रमांत शाळांची बँड पथके उतरतात. वाद्ये शाळा विकत घेते, गणवेश पालक शिवून देतात, वादन शिकवायला कुणी निवृत्त बँडवाला किंवा गावातला मेस्त (संगीतशिक्षक) येतो. पण पथकाच्या पुढे मेस (खुणा करण्याची, वर गोळा असलेली लांब काठी) घेऊन चालणाऱ्या मुलाला किंवा मुलीला, म्हणजेच ड्रम मेजरला, ते काम स्वतंत्रपणे शिकवावे, ही पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही. उंची बरी आहे आणि आवाज खणखणीत आहे, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी निवड होते. डिचोली तालुक्यात अनेक वर्षे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून काम करताना मी हे जवळून पाहिले आहे. म्हणूनच शालेय बँडच्या ड्रम मेजरांसाठी मे महिन्याच्या सुटीत राज्य पातळीवर एक निवासी शिबिर सुरू व्हावे, ही मागणी या पत्राद्वारे करीत आहे. अशा शिबिरांना अमेरिकेत पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिला म्हणजे आपल्याला काय करता येण्याजोगे आहे हे बरेच उलगडते. म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

ड्रम मेजर हे पद मूळचे युरोपीय पायदळातले. रणांगणावरच्या आज्ञा ढोलाच्या ठोक्यांनी पोचवल्या जात त्या काळी ढोलवाल्या पोरांना शिकवणारा आणि त्यांना शिस्त लावणारा जो वरिष्ठ असे, तो ड्रम मेजर. पुढे रणांगणावरचे ढोल गेले, संचलनातले राहिले आणि त्यांच्यापुढे चालणारा हा माणूसही राहिला. ब्रिटिश परंपरेत त्याचे आणि बँडमास्तरचे काम वेगवेगळे असते. सूर, वाद्यमेळ, रचना हे बँडमास्तरने पाहायचे; पथक केव्हा निघेल, कुठे वळेल, केव्हा थांबेल हे ड्रम मेजरने मेसच्या खुणेने ठरवायचे. मेस उंच धरली, आडवी धरली, खाली आणली, या प्रत्येक हालचालीला ठरलेला अर्थ असतो आणि मागच्या शेवटच्या रांगेतल्या बास ड्रमवाल्यालाही तो न बोलता कळावा लागतो.

हे शिक्षण पद्धतशीर द्यायला हवे, ही जाणीव ब्रिटिशांनाही एका फजितीनंतर झाली. १८५४ साली क्रिमियन युद्धाच्या वेळी तुर्कस्तानातील स्कुतारी येथे राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसानिमित्त सैन्याचे संचलन झाले आणि तेथे जमलेल्या अनेक पलटणींच्या बँडनी राष्ट्रगीत एकदम सुरू केले. प्रत्येक पलटणीचा सूर निराळा आणि वाद्यरचनाही निराळी असल्याने सेनाधिकाऱ्यांसमोर आणि दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासमोर नुसता कल्लोळ झाला. त्यातून १८५७ साली लंडनजवळ ट्विकेनहॅमच्या नेलर हॉल येथे लष्करी संगीताची शाळा उभी राहिली, आणि २०२१ पर्यंत ती त्याच वास्तूत होती. स्वतंत्र भारतातही १९५० साली मध्य प्रदेशात पचमढी येथे लष्कराच्या शिक्षण विभागाची संगीत शाखा सुरू झाली. दरवर्षी २९ जानेवारीला विजय चौकात बीटिंग रिट्रीटच्या वेळी आपण जी काटेकोर पावले पाहतो, त्यांच्यामागे अशा संस्थांतली वर्षानुवर्षांची तालीम असते. लष्कराने ही सोय आपल्यापुरती केली. प्रश्न शाळेच्या मुलांचा आहे.

शाळकरी मुलांचा बँड आणि त्याचा शाळकरी नायक ही गोष्ट खऱ्या अर्थाने अमेरिकेत वाढली. तेथील विद्यापीठांचे बँड आधी लष्करी साच्याचेच होते: सरळ रांगा, सरळ चाल. १९०७ साली इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडने मैदानावर रांगा मोडून आपल्या विद्यापीठाचे आद्याक्षर उभे केले, आणि तेव्हापासून चालता चालता आकृत्या करण्याची कला हळूहळू विकसित होत गेली. १९२३ साली शिकागोत शालेय बँडची देशव्यापी स्पर्धा भरली. वाद्ये बनवणाऱ्या कारखानदारांनी तिला हातभार लावला होता, कारण लष्करी पलटणींची मागणी पहिल्या महायुद्धानंतर आटली होती आणि त्यांना शाळांमध्ये नवे गिऱ्हाईक दिसत होते. हेतू व्यापारी असला तरी फळ चांगले निघाले. महायुद्धांवरून परतलेले कितीतरी लष्करी वादक शाळांमध्ये संगीतशिक्षक झाले आणि गावोगावी बँड उभे राहिले. (या साऱ्या चळवळीवर ज्यांच्या रचनांची छाप आहे ते जॉन फिलिप सूझा १८८० ते १८९२ या काळात अमेरिकी मरीन बँडचे प्रमुख होते. त्यांच्या वडिलांचे आईवडील पोर्तुगीज होते, हे गोव्याच्या वाचकांना ठाऊक असावे.)

आता येथे एक अडचण उभी राहिली आणि माझ्या मते ड्रम मेजर शिबिरांचा उगम याच अडचणीत आहे. शाळेला संगीतशिक्षक एकच. मैदान अमेरिकी फुटबॉलचे, शंभर यार्ड लांबीचे, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि त्यावर शंभर-दीडशे मुले पसरून वाजवीत चालणार. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे मैदानाच्या एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला पाव सेकंदाहून अधिक उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० पावलांच्या चालीत एक पाऊल अर्ध्या सेकंदाचे असते. तेव्हा कानावर विसंबून वाजवणारा मुलगा अर्ध्या मात्रेहून अधिक मागे पडतो, आणि तो आपल्या परीने अगदी बरोबर वाजवत असतो. यावर उपाय एकच: सर्वांनी कानाऐवजी डोळ्यांवर भिस्त ठेवायची आणि एका ठिकाणी उभ्या असलेल्या एका माणसाच्या हाताकडे पाहून वाजवायचे. तो माणूस म्हणजे ड्रम मेजर. शिक्षक प्रेक्षकांच्या बाजूला, मैदान मुलांच्या हवाली. त्यामुळे अमेरिकी शाळांत ड्रम मेजर केवळ मेस फिरवणारा राहिला नाही, त्याच्यावर संगीतसंचालनाचीच जबाबदारी आली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हे काम द्यायचे तर ते शिकवायलाही हवे, हे तेथील शिक्षकांच्या लवकर ध्यानात आले.

अशा शिबिरांपैकी सर्वांत जुन्यांत गणले जाणारे स्मिथ-वॉलब्रिज शिबिर १९४९ साली सुरू झाले. ते प्रथम इंडियाना राज्यातील सिराक्यूज या गावी भरत असे. आता ते शेजारच्या इलिनॉय राज्यात चार्ल्सटन येथील विद्यापीठाच्या आवारात भरते. त्याची वेळ उन्हाळ्याचीच का, याचे उत्तर तेथील शाळांच्या वेळापत्रकात आहे. शैक्षणिक वर्ष संपत आले की वसंतात पुढच्या वर्षाचा ड्रम मेजर निवडला जातो. जून-जुलैत शाळांना सुटी असते. ऑगस्टमध्ये संपूर्ण बँडचा सराव सुरू होतो आणि लगेच फुटबॉलचा हंगाम येतो, त्यात दर सामन्याच्या मध्यंतराला बँडला मैदानावर उतरावे लागते. म्हणजे निवड आणि काम यांच्यामध्ये जे दोन महिने मोकळे असतात, त्यांत नायकाला घडवून घ्यायचे आणि ऑगस्टमध्ये तो तयार होऊन आपल्या पथकासमोर उभा राहील असे पाहायचे. ही साधी योजना आहे, पण तीतच या शिबिरांचे सारे यश आहे असे मला वाटते. निवडलेल्या मुलाच्या हातात वेळ असतो आणि त्या वेळेचा उपयोग कसा करायचा हे त्याला कुणीतरी सांगते.

या शिबिरांत शिकवतात काय, ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट हाताची. चार मात्रांच्या चालीत उजवा हात पहिल्या मात्रेला सरळ खाली, दुसरीला छातीसमोरून आत, तिसरीला बाहेर आणि चौथीला वर जातो. हे कुणालाही मिनिटभरात जमते. जमत नाही ते पुढचे: ठोका हवेत नेमका एकाच उंचीवर पडला पाहिजे, जणू तेथे न दिसणारे टेबल आहे, कोपर खाली घसरता कामा नये, हात मोठा केला म्हणून लय संथ होऊ नये आणि लहान केला म्हणून धावू नये. त्याहून अवघड असते ती सुरुवातीच्या आधीची एक मात्रा. वादक श्वास घेतात तो त्या मात्रेवर, आणि तिच्यात जेवढी गती दाखवली असेल तेवढीच पुढच्या चालीला मिळते. ड्रम मेजर घाबरलेला असला की ही मात्रा आखूड होते आणि पथक पहिल्याच पावलापासून धावत सुटते. ती मात्रा मनात मोजायची, मग हाताने दाखवायची, ओठांनी हलकेच श्वास घ्यायचा, हे सारे आरशासमोर आणि एकमेकांसमोर घटवून घेतले जाते.

दुसरी गोष्ट चालीची. लष्करी पाऊल तीस इंचांचे. अमेरिकी मैदानी बँडचे प्रचलित पाऊल पाच यार्डांत आठ, म्हणजे साडेबावीस इंचांचे. मैदानावर दर पाच यार्डांवर चुन्याची रेघ असते आणि प्रत्येक आठव्या पावलाला पाय तिच्यावर पडला की आकृती आपोआप जुळते. आपल्याकडे अशा रेघा नसतात, पण मोजलेल्या पावलाचे महत्त्व तेवढेच आहे. तिसरी गोष्ट आज्ञेची. सूचना आणि अंमल यांच्यात किती अंतर ठेवायचे, आवाज घशातून न काढता पोटातून कसा काढायचा, आज्ञा कोणत्या पायावर द्यायची म्हणजे सर्वांना वळायला एक पाऊल मिळेल, या गोष्टी ऐकायला किरकोळ वाटतात. पण शाळेतल्या संचलनात गोंधळ होतो तो बहुतेक वेळा चुकीच्या पायावर दिलेल्या आज्ञेने.

चौथी गोष्ट, आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती, म्हणजे शिकवायला शिकवणे. शिबिरातला प्रत्येक मुलगा आठ-दहा जणांच्या तुकडीपुढे उभा राहून त्यांना एखादे वळण शिकवतो आणि बाकीचे त्याच्यावर टिप्पणी करतात. शाळेत परतल्यावर त्याला आपल्याच वयाच्या, कदाचित आपल्याहून मोठ्या मुलांना दुरुस्त करायचे असते. ओरडून ते होत नाही, आणि मित्रत्वाने सोडून देऊनही होत नाही. ती मधली वाट त्याला कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडत नाही.

या परंपरेत जॉर्ज पार्क्स यांचे नाव आदराने घेतले जाते. तरुणपणी रेडिंग बकेनीर्स या पथकाचे ते ड्रम मेजर होते. १९७७ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मिनिटमन बँडचे संचालक झाले आणि १९७८ साली त्यांनी ड्रम मेजर अकादमी सुरू केली, जी पुढे देशभर निरनिराळ्या विद्यापीठांच्या आवारांत उन्हाळी सत्रे घेऊ लागली. त्यांच्या सत्रात पवित्रा शिकवण्यासाठी एक प्रश्नोत्तरी असे. शिक्षक विचारी, पाय कसे? मुले म्हणत, जुळलेले. पोट? आत. छाती? बाहेर. खांदे? मागे. कोपर? घट्ट. हनुवटी? वर. आणि शेवटी डोळ्यांविषयी विचारले की सारी मुले उत्तर देत, अभिमानाने. ते पुन्हा विचारी आणि मुले दुसऱ्यांदा, आधीपेक्षा मोठ्याने, तेच म्हणत. शरीराच्या प्रत्येक भागाची आठवण एकेका शब्दाने करून देणारी ही युक्ती मी माझ्या निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत मराठीतून वापरून पाहिली. मुलांना ती दोन दिवसांत पाठ होते, आणि ध्वजवंदनाच्या सकाळी पाच मिनिटे आधी म्हणून घेतली की घाबरलेल्या पथकाचेही खांदे सरळ होतात.

१६ सप्टेंबर २०१० रोजी ओहायो राज्यातील एका शाळेत बँडचा कार्यक्रम आटोपल्यावर पार्क्स कोसळले आणि त्यांचे निधन झाले. वय ५७. त्यांचा बँड मिशिगन विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला निघाला होता. दोनच दिवसांनी, संचालक नसताना, ती मुले मिशिगनच्या प्रचंड मैदानावर उतरली आणि त्यांनी आपला कार्यक्रम पूर्ण केला. तेहतीस वर्षे ज्याने मुलांना पुढारीपण शिकवले, त्या शिक्षकाच्या कामाची याहून मोठी परीक्षा कोणती असेल, मला सांगता येणार नाही. अकादमी आजही त्यांच्या नावाने चालते.

या इतिहासातला मुलींचा भागही सांगायला हवा. अमेरिकेतल्या काही नामांकित विद्यापीठांच्या बँडमध्ये मुलींना दीर्घकाळ प्रवेशच नव्हता. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा कायदा १९७२ साली झाला. मिशिगनच्या बँडची दारे त्याच वर्षी उघडली आणि ओहायो स्टेटची पुढच्या वर्षी. आपल्या गोव्यात मुली बँडमध्ये पहिल्यापासून आहेत आणि कित्येक पथकांच्या पुढे मेस घेऊन मुलगीच चालताना दिसते. ही आपली जमेची बाजू आहे. त्या मुलींना शिक्षण मिळाले तर ती अधिक जमेची होईल.

आता गोव्याविषयी. ज्या भूमीत सोळाव्या शतकापासून गावोगावच्या चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई, त्या भूमीत असे शिबिर परके वाटण्याचे कारण नाही. त्या शाळांतल्या मेस्तांनी घडवलेली मुले ब्रिटिश हिंदुस्थानातल्या आणि संस्थानिकांच्या बँडमध्ये गेली, मुंबईच्या नाट्यगृहांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, सेबास्तियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या संगीताचे वाद्यसंयोजन केले, हे संगीताच्या जाणकारांना माहीत आहे. आजही फेस्ताच्या (चर्चच्या उत्सवाच्या) पहाटे गावात अल्वोराद वाजवत बँड फिरतो तेव्हा त्या शिक्षणाचा शेवटचा धागा ऐकू येतो. तो धागा विरळ होत चालला आहे, कारण मेस्त म्हातारे झाले आणि त्यांच्या जागी पूर्ण वेळ शिकवणारे कुणी फारसे आले नाही.

दुसरीकडे आपली लयीची परंपरा तर घराघरांत आहे. दोन्ही हातांनी, पायांनी आणि तोंडाने एकाच वेळी निरनिराळे ताल सांभाळणारे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर याच मातीतले. चतुर्थीला घुमट, शामेळ आणि कांसाळें घेऊन आरत्या म्हणणाऱ्या मुलांना लय शिकवावी लागत नाही. शिगम्याच्या रोमटात (मिरवणुकीत) शेकडो माणसे ढोल-ताशांवर एका चालीने पुढे सरकतात, कुणाच्याही हातात कागद नसतो आणि तरी ती एकदम थांबतात, एकदम उठतात. या थांबण्या-उठण्यामागे ताशेवाल्याची खूण असते. ती कशी दिली जाते, हे मी साखळी आणि डिचोलीच्या परिसरात मुद्दाम जवळ जाऊन पाहत आलो आहे. त्याच्या काठीचा एक आखूड, कोरडा बोल येतो, पुढच्या ढोलवाल्याची मान वळते, आणि लगेच सारा मेळ नव्या चालीत शिरतो. हे ज्ञान आणि मेस्तांचे ज्ञान एका शिबिरात एका छपराखाली आले, तर गोव्याच्या मुलांना जे मिळेल ते इंडियाना किंवा इलिनॉयच्या शिबिरात मिळणारे नाही. माझ्या मागणीचा गाभा हाच आहे. अमेरिकी शिबिराची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. त्याची बैठक घ्यावी आणि तिच्यावर आपले साहित्य मांडावे, एवढेच म्हणतो.

वेळेचाही विचार करावा लागेल. सध्या आपल्या शाळांत बँडचा सराव जोर धरतो तो स्वातंत्र्यदिनाच्या आधी, म्हणजे जुलैच्या अखेरीस. त्या वेळी गोव्यात पाऊस कोसळत असतो. मैदान चिखलाने भरलेले, त्यामुळे सराव सभागृहात किंवा व्हरांड्यात होतो. तेथे बास ड्रमचा आवाज भिंतींवर आपटून इतका घुमतो की कुणाला कुणाचे ऐकू येत नाही. वळण घ्यायला जागा नसते, म्हणून पथक जागच्या जागी कदमताल करते आणि मुलांनी वळण खरोखर घेतलेले असते ते पहिल्यांदा १५ ऑगस्टला, पाहुण्यांसमोर. पहिली रांग वळते, दुसरी तिच्या मागे कापून जाते, कडेचा मुलगा मोठी पावले टाकायच्या ऐवजी धावतो आणि ड्रम मेजरला मागे काय झाले ते कळतच नाही. यात मुलांचा दोष नाही. ड्रम मेजरला मे महिन्यात, कोरड्या मैदानावर, सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा असे दहा दिवस मिळाले असते, तर निदान काय बिघडते आणि ते व्हरांड्यात कसे सुधारायचे, हे त्याला जुलैत ठाऊक असते.

ध्वजवंदनाच्या मैदानावरची आणखी एक अडचण येथे नोंदवतो. बँड एका कडेला उभा असतो आणि शाळांच्या तुकड्या लांबलचक रांगेत त्याच्या समोरून जातात. शंभर मीटरवरच्या तुकडीला ठोका वर सांगितल्याप्रमाणे उशिरा ऐकू येतो, तिचे पाऊल पुढच्या तुकडीशी जुळत नाही आणि परीक्षक तिचे गुण कापतात. ध्वनिक्षेपक लावला तर आवाज दोन बाजूंनी दोन वेळा येतो आणि गोंधळ वाढतो. ज्या तुकडीचा नायक कान झाकून, समोरच्या ड्रम मेजरच्या हाताकडे पाहून पाऊल टाकायला शिकलेला असेल, तीच तुकडी यातून सुटते. म्हणजे शिबिराचा लाभ केवळ बँडच्या मुलांना नाही, संचलनात उतरणाऱ्या प्रत्येक तुकडीला होईल.

आणखी एक निकड आहे. गेल्या काही वर्षांपासून संरक्षण आणि शिक्षण ही केंद्रीय मंत्रालये प्रजासत्ताकदिनाच्या निमित्ताने राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा घेत आहेत. तीत ब्रास बँड आणि पाइप बँड असे दोन प्रकार, आणि दोन्हींत मुलग्यांचे व मुलींचे स्वतंत्र गट असतात. राज्य, विभाग आणि मग दिल्ली अशी तिची पायरी आहे. ज्या राज्याने देशाला इतके पाश्चात्त्य वाद्यवादक दिले, त्या राज्यातील शाळांनी तेथे तयारीने उतरावे, अशी अपेक्षा बाळगणे गैर नाही. वादनात आपली मुले कमी पडणार नाहीत. कमी पडलीच तर ती चालीत, वळणात आणि नायकत्वात पडतील, आणि त्याची तयारी एखाद्या शाळेने एकटीने करणे अवघड आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, ते मी ऐकलेलेही आहेत. पहिला, हे लष्करी वळणाचे आहे आणि शाळेत त्याचे काय काम. मला तो पटत नाही. स्वतःच्या हाताच्या हालचालीकडे चाळीस जण पाहत आहेत ही जाणीव असलेले मूल दुसऱ्याच्या चुकीबद्दल उतावळे होत नाही. ते आधी आपली मात्रा बरोबर होती का, हे तपासते. या सवयीचा लष्कराशी संबंध नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो रास्त आहे. परंतु या शिबिराला वाद्ये फार लागत नाहीत. चार साइड ड्रम, एक बास ड्रम, एक जोडी झांजा आणि प्रत्येकाला बांबूची, वर लाकडी गोळा बसवलेली एक काठी एवढ्यात काम भागते. मेस फिरवण्याचा सराव तर काठीनेच करावा, कारण खरी मेस जड असते आणि हातातून निसटली तर शेजारच्याचे डोके फोडते.

शिक्षक शोधायला दूर जावे लागणार नाही. गोवा पोलिसांचे स्वतःचे बँड पथक आहे. कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे आणि तेथे शिकलेले शिक्षक राज्यभर पसरले आहेत. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, आणि नौदलाच्या बँडमधून निवृत्त झालेले वादक गोव्यात राहतात. रोमटाची पथके प्रत्येक तालुक्यात आहेत. शिक्षण खात्याने आणि क्रीडा व युवा व्यवहार संचालनालयाने मिळून या सर्वांना एका बैठकीला बोलावले, तर अभ्यासक्रम एका दुपारी ठरू शकेल. जागेसाठी एखादे शासकीय वसतिगृह सुटीत रिकामेच असते.

माझी प्रत्यक्ष सूचना अशी. प्रत्येक शाळेने वार्षिक परीक्षेनंतर लगेच पुढील वर्षाचा ड्रम मेजर आणि एक उपनायक निवडावा, आणि ही निवड उंचीवर न करता पूर्ण पथकासमोर चार मिनिटांची चाचणी घेऊन करावी. दोघांनाही शिबिराला पाठवावे, कारण एकाला ताप आला की पथक उघडे पडते. पहिल्या वर्षी उत्तर आणि दक्षिण गोवा मिळून एकच शिबिर घ्यावे आणि ज्या शाळांकडे अजून बँड नाही, अशा ग्रामीण मराठी शाळांसाठी काही जागा मुद्दाम राखून ठेवाव्यात. त्यांची मुले परत जाऊन निदान लेझीम पथक आणि संचलनाच्या तुकड्या उभ्या करतील. शिबिरात पहाटे चाल आणि मेस, दुपारच्या उन्हात सभागृहात हाताची लय आणि स्वरलिपीची ओळख, संध्याकाळी एक दिवस मेस्त आणि एक दिवस रोमटाचा ताशेवाला, असा क्रम ठेवता येईल. शेवटच्या संध्याकाळी पालकांसमोर कार्यक्रम करण्याच्या मोहात मात्र पडू नये. कार्यक्रम ठरला की सारे शिक्षण त्या कार्यक्रमाभोवती फिरू लागते आणि मुले एक चाल घोटून घरी जातात. त्याऐवजी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याच शिक्षकांनी तालुकावार शाळांना भेट देऊन ही मुले आपापल्या पथकापुढे कशी उभी राहतात, ते पाहावे आणि तेथल्या तेथे सुधारणा सुचवाव्यात.

येत्या मे महिन्यात हे व्हायचे असेल, तर शाळांना परिपत्रक मार्चअखेरीपूर्वी जायला हवे, कारण त्यानंतर परीक्षा आणि निकाल यांत मुख्याध्यापकांना दुसरे काही सुचत नाही. संबंधित खात्यांनी याचा विचार करावा, आणि आपल्या दैनिकाच्या वाचकांपैकी जे निवृत्त बँडवादक, मेस्त किंवा क्रीडाशिक्षक या कामी वेळ देऊ शकत असतील, त्यांनी आपल्या तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे तसे लेखी कळवावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक,
डिचोली, गोवा